पलीकडं ऐकू येतंय का?

शिरूरमध्ये कोण गेलं, हे आम्हाला कित्येक वर्षं एकाच आवाजात कळत आलं. सकाळी जीप निघायची, टपावर कर्णा, आत बाबालाल तांबोळी, आणि घशात थोडी खडीसाखर आणि थोडी वाळू एकदम घातल्यासारखा त्याचा तो आवाज, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." या 'की'वर तो असा थांबायचा की गल्लीतल्या आजारी माणसांनी आपली नाडी तपासून घ्यावी. मग नाव यायचं आणि बाकीचे सुटकेचा निःश्वास टाकून चहाला लागायचे. त्या दिवशी मी दुकानाचं शटर अर्धं वर करून उभा होतो. जीप आली. कर्णा तोच, वाक्य तेच, आवाज मात्र वेगळा. 'की'वर तो थांबला नाही, अडखळला. पुढचं नाव ऐकायची गरज उरली नाही. सलीम, बाबालालचा मुलगा, बापाची बातमी बापाच्याच माईकवरून देत होता.

आता महिना उलटून गेलाय. लोक म्हणतात, "म्हाळू, तू त्याचा जिवलग, काहीतरी चांगलं लिही." बाबालालबद्दल चांगलं लिहिणं फार सोपं आहे, झोपेतसुद्धा लिहीन. पण त्याच्याशी जे झालं, त्याबद्दल चांगलं लिहा असं मला कुणी सांगू नका. ते मला जमणार नाही.

आमची जोडी साधी होती. तो माईकवाला, मी तोंडवाला. मी मूळचा निमोण्याचा. आजोबांनी मेंढरं विकून जमीन धरली, मी ती भावाकडं सोपवून शिरूरला खत-बियाण्यांचं दुकान टाकलं. पण खरा जीव बोलण्यात. लग्न असो, सत्कार असो, बैलांचं प्रदर्शन असो, निवेदन माझं आणि कर्णे बाबालालचे. मी मंचावर चढलो की तो खालून मशीनची बटणं फिरवत म्हणायचा, "म्हाळू, आटप. लोकं जेवायला आल्यात, तुला ऐकायला न्हाई." माईकच्या डोक्याला तो एक निळ्या चौकड्यांचा रुमाल बांधायचा. फुंकर मारल्यासारखा आवाज येऊ नये म्हणून सगळेच माईकवाले काहीतरी बांधतात. त्याचा रुमाल मात्र नेहमी स्वच्छ असायचा. अम्मा, म्हणजे त्याची आई, दर शुक्रवारी तो धुऊन द्यायची.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. कुठंतरी दूर काहीतरी गडबड झाली आणि आमच्या तालुक्यात जमावबंदी लागली. पाच किंवा त्याहून जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही. पंधरा दिवसांनी मुदत संपली, नवी लागली. ती संपली, पुन्हा नवी. गडबड कुठं झाली होती हे लोक विसरले, जमावबंदी काही विसरली नाही. आम्ही सगळे गप्प होतो, कारण कुणी पकडतही नव्हतं. कायदा म्हणजे दारात बांधलेलं कुत्रं, चावत नाही ना, मग असू दे, अशी आमची समजूत. बाबालालला ती पटेना. तो म्हणायचा, "चावत न्हाई, पर दोरी त्यांच्या हातात हाय ना? ज्याच्यावर सोडायचं त्याच्यावर सोडत्याल."

एका सोमवारी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात त्याला जाहिरातीचं काम होतं. बियाण्यांची जाहिरात, माझ्याच दुकानाची. जीप बाजाराच्या कडेला लावून त्यानं सुरू केलं, "मंडळी, लक्ष द्या! मेथीच्या पाटीपाशी चार गिऱ्हाइकं आन् पाचवी मावशी. गुन्हा झालेला हाय! एकानं मागं सरा! मावशी, तुमीच सरा, गिऱ्हाईक सरलं तर धंदा बुडंल!"

मावशी पाटीमागून ओरडली, "मी सरते, तू ये मेथी निवडाया, मेल्या!"

बाजार हसून लोटपोट. मग मेंढरांच्या बाजारात जाऊन त्यानं विचारलं, मेंढरं धरायची का माणसंच मोजायची? तासभर हा तमाशा चालला. माझ्या बियाण्यांचं नावसुद्धा कुणाच्या कानावर पडलं नाही. शेवटी आवाज उतरवून तो म्हणाला, "हसलात, बरं वाटलं. पर एक इचारतो. बारा म्हैनं जमावबंदी ठेवायची, हे घटनेत बसतंय का? मला म्हाईत न्हाई. ज्याला म्हाईत हाय त्यानं सांगावं."

बस्स. एवढाच त्याचा गुन्हा. विनापरवाना ध्वनिक्षेपक, जमावबंदीचा भंग, सरकारी कामात अडथळा... एकाच तोंडाचे तीन गुन्हे नोंदवले. त्या वेळचे ठाण्यातले साहेब कोण, हे मी लिहीत नाही. ते निवृत्त झाले, नातवंडांत रमले असतील, रमोत बिचारे. साहेबांना बाजार हसला हे झोंबलं होतं. थोड्याच दिवसांत बाबालालला तडीपारीची नोटीस आली. तो म्हणे सराईत गुंड, बाजारात सुरा घेऊन फिरतो, आणि त्याच्या दहशतीमुळं साक्षीदार पुढं यायला भितात. सुरा म्हणजे वायर सोलायचा चाकू. दहशत म्हणाल, तर घरची शेळी त्याला शिंगं दाखवायची आणि हा ओट्यावर चढायचा. साक्षीदार दोन, एकाचं नाव 'क', दुसऱ्याचं 'ख'. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. त्यांनी बंद दाराआड काय सांगितलं ते आरोपीनं विचारायचं नाही.

आता कुणीही शहाणा माणूस वकिलाकडं गेला असता. बाबालाल जीपमध्ये बसला आणि गावभर पुकारत निघाला, "क आन् ख, जिथं असतील तिथं त्यांनी मला येऊन भेटावं! मला भ्यायचं कारण न्हाई! च्या पाजतो, भजी खिलवतो!" लोकांनी पोट धरधरून हसून घेतलं. साहेबांनी त्यात चौथा गुन्हा जोडला. साक्षीदारांना धमकावणे.

दोन वर्षं पुणे जिल्ह्याच्या हद्दीबाहेर. आदेश हातात पडला तेव्हाच त्यातली गंमत आमच्या लक्षात आली. तडीपार करताना साधारण शेजारचे जिल्हेही धरतात. साहेबांना घाई, त्यांनी प्रस्तावात फक्त पुणे लिहिलं. आणि शिरूर कुठं आहे? घोडनदीच्या काठावर. पूल ओलांडला की नगर जिल्हा. बाबालालला त्यांनी काळ्या पाण्यावर पाठवायचं ठरवलं, तो गेला पुलापलीकडं! एका ओळखीच्या माणसाच्या पत्र्याच्या खोलीत त्यानं बिऱ्हाड टाकलं. तिकडच्या ठाण्यात रीतसर अर्ज करून ध्वनिक्षेपकाचा परवाना काढला. तिकडचे हवालदार हसत म्हणाले, "आमच्याकडं तुमच्यावर काहीच नाही बुवा." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवरून आवाज आला...

"हॅलो, हॅलो. शिरूरकर, पलीकडं ऐकू येतंय का?"

काठावर कपडे धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. पुलावर सायकली थांबल्या. त्यानं शांतपणे कोण गेलं, कांद्याचा भाव काय, कुणाची म्हैस हरवली, सगळं वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाला, "अम्मा, गोळी घेतली का?" अम्माचं घर नदीकडच्या आळीत, ती खाटेला खिळलेली. आवाज थेट तिच्या उशापाशी जायचा. पण तिचं उत्तर पलीकडं कसं जाणार? मग दारावरून जाणारा-येणारा आत डोकावून विचारायचा, "अम्मा, गोळी?" ती हात वर करायची. पुलावरून कुणीतरी ओरडायचं, "घेतलीऽऽ!" रोज सकाळी. अख्ख्या गावाला त्या म्हातारीच्या रक्तदाबाची काळजी लागली होती.

साहेब एकदा पुलाच्या मध्यापर्यंत आले. "बंद कर तो भोंगा! तू तडीपार आहेस!"

पलीकडून, माईकवरूनच, "साहेब, माणूस तडीपार हाय. आवाज न्हाई. आवाजाला येगळी नोटीस काढा."

साहेब निघून गेले, पण प्रश्न मागं राहिला. संध्याकाळी बाबालालच्या खोलीपुढं बैठक बसली. शितोळे वकील आले होते. मूळचे वरवंडचे, वकिली दौंडच्या कोर्टात, सुपारी कातरता कातरता बोलायची सवय. ते म्हणाले, "आदेशात 'इसम' आहे. इसमानं हद्दीत यायचं नाही. आवाज इसम नाही. हे मी कुठल्याही कोर्टात सांगीन. पण बाबालाल, मुद्दा तो नाही."

"मग काय हाय?"

"सरकारची बाजू मी मांडतो, तू उत्तर दे. समजा खरा गुंड आहे. लोक खरंच भितात, कोर्टात उभे राहत नाहीत. त्याला गावाबाहेर काढायला काही कायदा नको?"

"पायजे की."

"तर हा कायदा घटनेत बसतो. वरच्या कोर्टानं पूर्वीच तसं सांगितलंय. देशात कुठंही फिरायचा, राहायचा हक्क आहे, पण लोकांच्या हितासाठी त्यावर वाजवी बंधन घालता येतं."

बाबालालला कलमांचे आकडे कधीच धड आठवायचे नाहीत. फिरण्याचं कलम तो दर वेळी वेगळं सांगायचा. पण त्या संध्याकाळी तो म्हणाला, "वकीलसाहेब, कुऱ्हाड वाईट न्हाई. पर लाकडाऐवजी माझ्या पायावर घातली तर कुऱ्हाड चांगली हाय म्हणून मी गप बसायचं का?"

शितोळ्यांचा अडकित्ता थांबला. "हाच मुद्दा. कायदा घटनेत बसतो. तो तुझ्यावर चालवला, ते बसतं का? बाजारात विनोद करणं ही दहशत होते का? हे विचारायला मुंबईला जायचं."

अर्ज दाखल झाला. आणि मग कळलं, की न्याय मागायला मुंबईला जायचं तरी कसं? नगरहून सरळ जावं तर पुणं आडवं. माळशेज घाटानं जावं तर जुन्नर आडवं, तेही पुणे जिल्ह्यातच. बाबालाल नाशिकला वळसा घालून मुंबईला जायचा. मला हे आठवलं की आजही हसू येतं आणि हसता हसता दात आवळले जातात. ज्या हक्कासाठी भांडायचं, तोच गुंडाळून खिशात ठेवून, चोरासारखं लांबून जायचं!

एकदा त्याच्या लेकीकडं सोलापूरला जायचं होतं. गाडी नगरहून, आणि दौंड जंक्शन टळत नाही. मी सोबत होतो. शितोळे म्हणाले होते, "गाडीत बसून जाणं म्हणजे हद्दीत येणं की नाही, यावर दोन्हीकडून बोलता येईल. खाली मात्र उतरू नकोस." दौंडला गाडी थांबली. बाबालालनं चपला काढल्या आणि मांडी घालून बाकावर बसला. एका पोलिसानं त्याला खिडकीतून ओळखलं. आत येऊन म्हणाला, "तांबोळी ना तू? चल, उतर खाली."

"उतरलो तर गुन्हा हुईल, साहेब."

"मी सांगतोय ना, उतर!"

"तुमी पोलीस असून मला गुन्हा कराया लावताय?"

पोलिसानं टोपी मागं सारून डोकं खाजवलं. डब्यातली माणसं दोन गटांत वाटली गेली. एक म्हणाला, गाडी केंद्राची, जिल्हा राज्याचा, हात लावता येणार नाही. दुसरा म्हणाला, खालची जमीन कुणाची? एका बाईनं पोलिसाला शेंगदाण्याची पुडी देऊ केली. गाडीनं शिट्टी घातली, तसा पोलीस पटकन उडी मारून उतरला, बाबालाल तसाच मांडी घालून. दौंड मागं पडलं तरी आम्ही हसत होतो. मग तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "म्हाळू, माझाच जिल्हा हाय रं ह्यो. आन् मी पाय वर घिऊन बसलोय."

अम्माची तब्येत त्या पावसाळ्यानंतर ढासळली. शितोळे म्हणाले, आपण तिलाच जीपमधून पलीकडं नेऊ, पाच मिनिटांचं तर काम. मी तिला सांगायला गेलो. ती खाटेवर कुशीला वळून म्हणाली, "मी कुणाचं काय चोरलंय? माझ्या घरातनं मी का उठू? त्याला आणा." एवढंच. मोठमोठ्या वकिलांनी जे चार तास बोलायचं, ते तिनं तिथंच संपवलं.

तडीपार माणसाला अडचणीपुरतं आत यायची परवानगी मिळू शकते. आम्ही अर्ज केला. आई आजारी, भेटू द्या. उत्तर आलं, अहवाल मागवला आहे. डॉक्टरचा दाखला जोडून पुन्हा गेलो. टेबलामागच्या माणसानं सांगितलं, अहवाल आला, पण साहेबांच्या टिपणासाठी आहे. तिसऱ्यांदा गेलो तर साहेब दौऱ्यावर. घर पुलाच्या या टोकाला, मुलगा त्या टोकाला, आणि अहवाल कुठल्या वाटेनं फिरत होता ते देवाला ठाऊक. बहुतेक नाशिकवरून.

एका सकाळी कर्णा बोललाच नाही. नऊ वाजले, साडेनऊ झाले. पुलावर माणसं उभी राहिली, कान देऊन. अख्ख्या गावाची बातमी देणाऱ्याला आपली बातमी देता येईना. अम्मा गेली, हे गावाला त्या शांततेतून कळलं.

मी पलीकडं गेलो तेव्हा तो पत्र्याच्या खोलीबाहेर नदीकडं तोंड करून उभा होता. मी म्हणालो, "चल. काय व्हायचं ते होऊ दे. सगळं गाव तुझ्यासोबत चालंल, कोण अडवतंय बघू." मी खरंच तयार होतो, त्या दिवशी पूल पेटवायलाही. तो म्हणाला, "न्हाई. मी आज हद्द मोडली, तर साहेब खरं ठरतील. म्हणत्याल, बघा, गुंडच हुता." मग त्यानं माईकच्या डोक्यावरचा निळ्या चौकड्यांचा रुमाल सोडला, खाली बसला, काठावरची माती उकरली आणि तीन मुठी त्यात बांधल्या. मुसलमानांत कबरीवर प्रत्येकानं तीन मुठी माती द्यायची असते. मुलाच्या पहिल्या. गाठ मारून माझ्या हातात देत म्हणाला, "माझ्या हातनं टाक."

मी धनगराचा पोर. नदीकाठच्या कब्रस्तानात सगळ्यांनी मला वाट करून दिली. रुमाल सोडला, नगर जिल्ह्याची माती पुणे जिल्ह्याच्या मातीत टाकली. पलीकडच्या काठावर एक पांढरा ठिपका उभा होता, हात बांधून.

शितोळ्यांनी त्या सकाळीच नवा अर्ज टाकला होता. परवानगी दुसऱ्या दिवशी आली. अंत्यविधीस हजर राहण्यास, सूर्यास्तापूर्वी परतण्याच्या अटीवर. एक म्हातारा शिपाई ती घेऊन पलीकडं आला. बाबालालनं मशीनचं बटण दाबलं, माईक शिपायासमोर धरला आणि म्हणाला, "वाचा, मामा. पलीकडं ऐकू जाऊ द्या." शिपायानं कागद उलगडला. तोंड उघडलं. कर्ण्यातून नुसता त्याच्या श्वासाचा आवाज नदीवर गेला. त्यानं कागदाची घडी घातली, टोपी काढली आणि तिथंच दगडावर बसला. बाबालालनंच मग त्याला पाणी दिलं.

मुंबईत अर्ज ऐकायला घेतला गेला तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती. बाबालाल आता सरळ रस्त्यानं, पुण्यावरून गेला. सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, आदेशाची मुदत संपली, आता यात ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही. आणि ते मान्य झालं! शितोळे आणि मुंबईचे वकील बोलत राहिले, मागच्या बाकावरून बाबालाल उठून उभा राहिला. "साहेब, मुदत संपली, ते कबूल. पर ते चूक हुतं का न्हाई, तेवढं सांगा." त्याला खाली बसवलं. पुढचा अर्ज पुकारला गेला.

शितोळे मला नंतर समजावत होते, कोर्टापुढं हजारो कामं असतात, मेलेल्या आदेशावर वेळ घालवता येत नाही, त्यालाही तर्क आहे. असेल. पण मी विचारतो, मुदत कुणी संपवली? अर्ज पडून राहिला तो कुणाच्या टेबलावर? आधी उशीर करायचा आणि मग उशीर झाला म्हणून उत्तर द्यायचं नाही, हे घटनेच्या कुठल्या पानावर बसतं? विहिरीत ढकलायचं आणि बुडून मेल्यावर म्हणायचं, आता पोहता येत होतं का नव्हतं या चर्चेत अर्थ नाही! साहेबांना बढती मिळाली. क आणि ख अजून शिरूरच्या रस्त्यांवर फिरत असतील, कदाचित माझ्या दुकानात उधारीवर खत नेत असतील. आणि बाबालालच्या नावापुढं पोलिसांच्या दप्तरात 'सराईत' हा शब्द तसाच राहिला. तो पुसायला कुणी रिकामं नव्हतं.

त्यानंतर तो बदलला असं म्हणायची रीत आहे. तो बदलला नाही. लग्नं केली, जीप फिरवली, मला मंचावरून खाली ओढलं. पण कार्यक्रमाआधी सगळे माईकवाले 'एक, दोन, तीन' करतात, तसं त्यानं पुन्हा कधी केलं नाही. रुमाल बांधलेला माईक तोंडाशी धरायचा आणि विचारायचा, "पलीकडं ऐकू येतंय का?" पोरंटोरं कोपऱ्यातून ओरडायची, "येतंयऽऽ!" पुढाऱ्यांना तो विनोद वाटायचा. रुमाल त्यानं कधी धुतला नाही. धुणारी नव्हती, आणि त्यात ती माती होती.

परवा त्याच्या माईक-कर्ण्यांच्या दुकानात गेलो. सलीमनं आता बिनवायरचे माईक आणलेत, काळे, चकचकीत. जुना माईक खिळ्याला टांगलेला, रुमालासकट. चौकड्या आता निळ्या आहेत की मातकट, सांगता येत नाही. छपरावरचा कर्णा मात्र बाबालालनं फिरवला होता तसाच, पुलाकडं तोंड करून. मी माईक काढून हातात घेतला.

"म्हाळूकाका, चालू हाय हां त्ये," सलीम म्हणाला.

मला काय, माईक चालू असला की तोंड उघडायची आयुष्यभराची खोड. मी म्हणालो, "ते चूक होतं का नाही, तेवढं सांगा."

बाजाराचा दिवस होता. चौकात माणसं थबकली, वर बघायला लागली. जुन्यांना कळलं, नव्यांनी जुन्यांना विचारलं. कांद्याच्या टेम्पोवरून कुणीतरी तोंडाला हात लावून ओरडलं, "होतंऽऽ!" मग रस्त्याच्या पलीकडून आणखी एक, "चूक होतं!"

सलीम हसला, डोळे पुसले. पण मला बरं वाटलं नाही. बाजाराचं उत्तर बाबालालला तेव्हाही मिळालं होतं. त्याला ते ज्यांच्या तोंडून हवं होतं, त्यांच्याकडून अजून आलेलं नाही. सलीमनं बटणाकडं हात नेला, मी म्हणालो, "राहू दे."

माईक तसाच खिळ्याला अडकवून मी माझ्या दुकानावर परत आलो. त्या दिवशी शिरूरच्या चौकात संध्याकाळपर्यंत कर्ण्यातून नुसती खरखर येत होती, कुणीतरी बोलेल म्हणून वाट पाहिल्यासारखी.